गोदाबाईंच्या पाठीमागचा चौथरा

हिंजवडीच्या आनंदरावांना आईचं तैलचित्र हवं होतं, तेही मागे जुनं शेत दाखवून. शेत यांनीच विकलं, त्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आता नव्या बंगल्याच्या हॉलला शेतीची शोभा हवी!

त्यांच्या आई, गोदाबाई, बिबवेवाडीच्या माझ्या स्टुडिओत सहा वेळा येऊन बसल्या. शेताचा एकही फोटो नव्हता, म्हणून त्या सांगतील तसं मी रंगवत गेले. भाताची खाचरं, विहीर, आणि बांधालगत नवऱ्याच्या समाधीचा दगडी चौथरा. जमीन दिल्यावर तो बुलडोझरनं उखडला होता.

"त्येवढा नीट काढा, ताई," त्या म्हणाल्या. "आता हितंच दिसायचा त्यो."

चित्र वाळल्यावर आनंदराव एकटेच बघायला आले.

"मस्तच, मॅडम. फक्त ते थडगं घालवा. हॉलमध्ये निगेटिव्ह वाटतं. एखादं झुडूप टाका तिथं."

"वडील आहेत ते तुमचे."

"त्यांचा फोटो लावलाय ना देवघराशेजारी. हार, लाइट, सगळं आहे."

असा संताप आला की ब्रश त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पुसावा. आणि तरी मी झुडूप काढलं. गिऱ्हाईक तुटायला नको ना! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. करवंदीची चांगली दाट जाळी काढली, पानन्‌पान रंगवून.

दुसऱ्याच दिवशी ते आईला घेऊन आले. गोदाबाईंनी स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठाय?"

आनंदराव मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. मीच म्हणाले, "यांनी सांगितलं म्हणून..."

"त्याचं डोस्कं फिरलंय. पर तुमी तर माझ्याम्होरं बसून समदं ऐकलं हुतं!"

आनंदरावांवरचा सगळा राग माझ्यावरच उलटला. लाज वाटली, आणि लाजेचाही राग आला.

गोदाबाईंनी पदर बोटांना गुंडाळला आणि झुडपावर घासला. वरचा रंग ओलाच होता. हिरवं सगळं पदरावर उतरलं आणि खालचा वाळलेला चौथरा उघडा पडू लागला.

"आई, साडी! अगं, चित्र खराब होईल!"

त्यांनी कोपरान्‌कोपरा पुसून काढला. मग वळून हिरवा पदर लेकाच्या हातात कोंबला.

"घे. यवढा खुपतोय न्हवं तुला त्यो? मग आता मलाबी पूस."