विधवेने लाल घातलं त्या वर्षी

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी न्येन नावाचं जनावर यायचं आणि माणसं खायचं. म्हणून आमचं गाव सकाळीच डोंगरावर पळायचं. पळणं मात्र शिस्तीत: आधी पूर्वजांच्या नावांच्या पूजेतल्या पाट्या, मग धान्य, मग डुकरं, उरलेल्या जागेत माणसं.

चिउहे लंगडी होती आणि विधवा होती. तिला गाडीत जागा हवी होती.

"भावजी, कोपऱ्यात बसवा. अंग चोरून बसेन."

तिचा दीर कुई दोरी आवळत होता. "बसवलं असतं, वहिनी. पण डुकरीण गाभण आहे."

"मग?"

"तिला दगदग सोसायची नाही. शिवाय न्येनला खाली काहीच मिळालं नाही, तर तो वर येईल. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार हा शब्द आमच्याकडे कुणाला मागे ठेवतानाच वापरतात.

जाताना त्यांनी रजयाही नेल्या. बर्फ पडत होतं. चिउहेने पेटी उपसली, तर गरम म्हणावं असं एकच निघालं: लग्नातला कापूस भरलेला लाल अंगरखा. विधवेने लाल घालायचं नसतं. पण खाणारा काही चौकशी करत बसणार नाही, असं म्हणून तिने घातला. सरपणही डोंगरावर गेलेलं, म्हणून चुलीत परसातले ओले बांबू सारले. दिवेलागणीला न्येन दारात आला आणि नेमके तेव्हाच बांबू फाडफाड फुटले. लाल कपड्यातली बाई दचकून उठली. न्येन तिच्याहून जास्त दचकला आणि पळाला.

सकाळी गाव रडायच्या तयारीने उतरलं. कुईच्या बायकोने सुतकाची पांढरी फडकी बरोबर आणली होती. चिउहे दारात भांडी घासत होती.

"अहो जाऊबाई, लाल घातलंत?"

हा पहिला प्रश्न. दुसरा कुणी विचारलाच नाही.

गावप्रमुख म्याओआजोबा पेचात पडले. विधवा लाल घालून वाचली असं मान्य केलं, तर उद्या सगळ्याच वाचतील. ते खाकरले. "पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला होता. देवच तो. त्याने दाराला लाल कागद लावला, बांबू फोडले."

"इथे मी एकटीच होते," चिउहे म्हणाली.

"घाबरलेल्या माणसाला देव दिसत नाही."

"आणि तुम्हाला डोंगरावरून दाढीचा रंगसुद्धा दिसला?"

"वयाचा फायदा असतो, सूनबाई."

मग अंगरखा जाळला आणि वाचल्याबद्दल सगळ्यांनी हात जोडून एकमेकांचं अभिनंदन केलं.

पुढच्या वर्षअखेरीस दारोदार लाल कागद लागले, बांबू जमले. कुणी पळालं नाही. फक्त चिउहे न्याहारी आटोपून, काठी टेकत डोंगराच्या वाटेला लागली.

"वहिनी, आता भीती कसली? देव आहे ना," कुई म्हणाला.

"भीती नाही, भावजी. माझं पळायचं राहून गेलं होतं."

न्येन आला, लाल बघून गेला. सकाळी घराघरांतून अभिनंदनं सुरू झाली. चिउहे दुपारी परतली, थंडीने कान निळे पडलेले. तिने कुईसमोर हात जोडले.

कुईने आपले हात बाहीत घातले. "तुमचं कसलं अभिनंदन, वहिनी? तुम्ही तर गावात नव्हतात."