खाट क्रमांक तेराचा निर्विष रुग्ण

माजिवड्याच्या नाक्याजवळच्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. चपलांचा पसारा पार रिक्षास्टँडपर्यंत गेला होता. आत, एरवी जिथे नवरा-नवरी अवघडून बसतात त्या सोनेरी सिंहासनावर, विषहर महाराज ऐसपैस बसले होते. समोर चारशे माणसं श्वास रोखून उभी होती. महाराजांच्या हातात तांब्याचा गडू. त्या गडूत डोकावून ते थेट इस्पितळातल्या माणसाच्या पोटात पाहत. रुग्णाला उचलून आणायची तसदी नव्हती. नातेवाइकाने नुसतं तोंड दाखवलं की पुरे.

“नौपाडा... खाट सहा,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “पोट धरत नाही. आतड्यात एक जीव शिरलाय. थांबा, थांबा... दिसला! निर्विष वाण आहे! तीन दिवसांत उठून बसेल!”

“विषहर महाराज की जय!”

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॉ. हेमा यांनी जयजयकारात सूर मिसळला नाही. त्या दचकल्या होत्या, पण चमत्काराने नव्हे. शब्दाने.

हेमाताई त्याच नौपाड्यातल्या रुग्णालयात जंतूंची तपासणी करत. नातेवाइकांना अहवाल कळावा म्हणून त्याचा सारांश त्या स्वतः शुद्ध मराठीत लिहीत, आणि त्यासाठी लागतील ते शब्द घडवत. ‘टॉक्सिन निगेटिव्ह स्ट्रेन’साठी ‘निर्विष वाण’ हा शब्द त्यांनी दोन महिन्यांपूर्वी तीन कोश पालथे घालून सिद्ध केला होता. सहकारी त्यावर मनसोक्त हसले होते. तेव्हापासून तो शब्द या अर्थाने वापरणारी पृथ्वीतलावर एकच व्यक्ती होती. आता दोन झाल्या होत्या, आणि दुसरी त्रिकालज्ञ होती.

बाहेर आल्यावर गुरुदत्तने त्यांना गाठलं. विमा कंपनीतला अधिकारी, पण डोळ्यांत भाविकाची चमक. त्याची आई, शांताबाई, न्यूमोनियासाठी रुग्णालयात आल्या होत्या. तो आटोक्यात आला आणि प्रतिजैविकांपाठोपाठ जुलाब सुरू झाले. त्यांच्या अहवालात हेमाताईंनी ‘सविष वाण’ लिहिलं होतं. तरी गुरुदत्त त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर घरी न्यायला निघाला होता. त्याला एवढी भुरळ कशाने पडली, ते पाहायलाच हेमाताई इथवर आल्या होत्या.

“पाहिलंत ना मॅडम? मी मागच्या गुरुवारी आलेलो, तेव्हा पण महाराजांनी तीन पेशंट निर्विष सांगितले. तिघंही बरे झाले. तिघंही! आणि या रविवारी आईचं सविष आहे, हेही बरोबर ओळखलं. म्हणतात, औषधाने विष चवताळतं. घरी न्या, भस्म द्या.”

“आईंचे जुलाब आता किती आहेत?”

“निम्म्यावर आलेत.”

“नवं औषध सुरू करून किती दिवस झाले?”

“तीन.”

“आणि भस्म?”

“ते... अजून दिलेलं नाही.”

“म्हणजे गुण आला तो भस्म देण्याच्या नुसत्या विचाराने?”

गुरुदत्त वरमला, पण हटला नाही. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. पण त्यांना कळतं कसं, ते सांगा ना!”

“रविवारी सांगते. दरबार संपल्यावरही तुमचं मन तेच म्हणालं, तर घरी नेण्याचा कागद मीच तुमच्यापुढे धरीन. तोवर औषधाचा एक डोसही चुकवायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

हेमाताईंना राग आला की त्यांचं मराठी अधिकच नेटकं होई. मागच्या महिन्यात ‘सविष’ अहवालाच्या एका बाई अशाच औषध सोडून घरी गेल्या होत्या. परत आल्या त्या बेशुद्धावस्थेत. त्या घरी का गेल्या, हे तेव्हा कोणाला कळलं नव्हतं. आज कळलं.

सारांशाच्या चिठ्ठ्या वॉर्डातल्या एका फाइलीत लागत, आणि ती फाईल साईनाथच्या ताब्यात असे. साईनाथ म्हणजे वॉर्डाचा पन्नाशीतला कारकून. मनगटावर गंडा आणि खिशाला महाराजांचा बिल्ला. शुक्रवारी सकाळी रुग्णालयाच्या अधीक्षकांची लेखी परवानगी घेऊन हेमाताईंनी त्या फाइलीत आणखी एक चिठ्ठी लावली. कोणत्याही रुग्णाच्या उपचाराशी तिचा संबंध नव्हता:

‘खाट १३. श्री. धाकू, वय ७०. निर्विष वाण. प्रकार : लाजाळू.’

जंतुशास्त्रात ‘लाजाळू’ असा प्रकार नाही. तो हेमाताईंनी त्या क्षणी निर्माण केला. सर्वज्ञाला आपणही काहीतरी नवं ज्ञान द्यावं, एवढाच त्यांचा हेतू.

रविवारी कार्यालय पुन्हा तुडुंब भरलं. वॉर्डातले बरेच नातेवाईक आले होते, आणि सुट्टीचा दिवस म्हणून वॉर्डातल्या आयाबाई भीमाबाईही. महाराज आज विशेष रंगात होते.

“आतड्याच्या कुंडलिनीला नेटवर्क लागलंय, भक्तहो! सिग्नल येतोय... नौपाडा! खाट तेरा! धाकू नावाचा म्हातारा... खिडकीपाशी पडलाय... बायको पायाशी बसून रडतेय. रडू नकोस, माउली! वाण निर्विष आहे!” गडूत डोकावून महाराज मंद हसले. “आणि लाजाळू आहे हो! माझी नजर पडताच कसा अंग चोरतोय!”

जयजयकार उसळला. तो विरतो न विरतो तोच भीमाबाईंचा खणखणीत आवाज आला.

“कितवी खाट म्हणालात, महाराज?”

“तेरा, बाळ.”

“आवो, पण तेरा नंबर हायच कुठं आमच्याकडं? बारा, मग बारा-अ, मग एकदम चौदा. लोक तेराव्याला भितात म्हणून हास्पिटलानं तो आकडाच गाळलाय. मी रोज फरशी पुसते की तिथली!”

सभागृहात कुजबुज पसरली. वॉर्डातले नातेवाईक एकमेकांकडे पाहू लागले. बरोबरच होतं, तेरा नव्हताच.

महाराजांनी क्षणभर गडूचा आश्रय घेतला. “ती... सूक्ष्म खाट आहे. चर्मचक्षूंना दिसत नाही.”

“आन् तिची चादर कोन बदलतंय मग? माझ्या तर ड्युटीत न्हाई ती!”

पहिल्यांदा मागची रांग हसली, मग मधली, आणि मग सिंहासनाशेजारी चवरी ढाळणारा सेवकसुद्धा. त्या हशातून वाट काढत हेमाताई पुढे आल्या. हातात शुक्रवारची चिठ्ठी होती. खाली अधीक्षकांची सही. त्यांनी ती सावकाश वाचून दाखवली. ‘लाजाळू’पाशी आल्या तेव्हा हशा थांबला.

“हा रुग्ण मी जन्माला घातला,” त्या म्हणाल्या. “त्याची रडणारी बायको मात्र महाराजांची. माझ्या चिठ्ठीत ती नव्हती. गडूत पोट दिसत नाही, मंडळी. फाइलीचा फोटो फोनवर दिसतो.”

साईनाथ दाराकडे सरकत होता. अधीक्षक दारातच उभे होते.

“पण मॅडम, ते तिघं बरे कसे झाले?” गुरुदत्तने विचारलं. आता त्याच्या आवाजात भक्ती नव्हती, भीती होती.

“इथे स्वयंपाक कोण कोण करतं?” निम्म्या सभेचे हात वर गेले. “दुधी चिरलात की आधी तुकडा चाखता ना? का? साल तीच, रंग तोच. पण एखादा कडू निघतो, आणि कडू दुधी विषारी असतो. पोटातल्या या जंतूचंही तसंच. नाव एक, वाण अनेक. काही वाण विष तयार करतात, काहींना ते करताच येत नाही. निर्विष वाण पोटात असला तरी निरुपद्रवी. त्या तिघांचे जुलाब प्रतिजैविकांमुळे होते. ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत थांबणारच होते. माझी चिठ्ठी महाराजांनी नुसती मोठ्याने वाचली. सविष वाणाला मात्र औषध लागतं, आणि तेही पूर्ण दहा दिवस. ते सोडून घरी गेलेला माणूस दगावू शकतो. जो जगला तो महाराजांची कृपा, जो गेला तो त्याचे भोग. या हिशेबात महाराज कधी चुकणार?”

तोवर सिंहासन रिकामं झालं होतं. महाराज मागच्या दाराने अंतर्धान पावले. हा त्यांचा एकमेव खरा चमत्कार, आणि तोही अधीक्षकांनी बोलावलेल्या पोलिसांनी फाटकापाशी निष्फळ ठरवला.

“देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा,” हेमाताई शेवटी म्हणाल्या. “पण जो कोणी पोटातलं ओळखतो म्हणेल, त्याला एकदा भीमाबाईंसारखं विचारा: कितवी खाट? एवढा एक प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.”

घरी नेण्याचा कागद गुरुदत्तने मागितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी हेमाताईंनी अधीक्षकांकडे एकच मागणी केली: बारा-अ ची पाटी काढून तिथे तेरा लिहावं. अधीक्षक चाचरले. “तुमचं पटतं हो, पण पेशंट काय म्हणेल?”

बारा-अ वर शांताबाईच होत्या. औषधाचा आठवा दिवस, हातात पेजेची वाटी. स्टुलावर चढून भीमाबाई स्क्रू पिळत होत्या; त्यांच्या हातातल्या नव्या पाटीकडे शांताबाईंनी चष्मा सावरून पाहिलं.

“तेरा होय? होऊ दे की,” त्या म्हणाल्या. “गोळी दुपारची तीच ना?”