मुलाखत क्रमांक चौदा

कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या भिंतीला लागून प्रबंधांची अकरा कपाटं होती. वाळवी सोडली तर त्यांना वाचक नाही, असं ग्रंथपालबाई म्हणायच्या, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. दीड वर्ष खपून त्यांनी एकेक प्रबंध पानापानानं स्कॅन केला, लिहिणाऱ्यांची परवानगी मागवली आणि सगळे इंटरनेटवर मोकळे करून टाकले. कुणीही उघडावं, फुकट वाचावं. प्राचार्यांनी भर सभेत पाठ थोपटली तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं.

एका मंगळवारी दुपारी चाळिशीतली एक बाई त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मनगटाला टाचण्यांची उशी तशीच बांधलेली, म्हणजे हातातलं शिवण टाकून आलेली.

"ते पुस्तक काढून टाका," ती म्हणाली.

"कुठलं?"

तिनं चिठ्ठी पुढे केली. लेकराला एकटीनं वाढवणाऱ्या आयांवरचा प्रबंध होता, अठरा वर्षांपूर्वीचा. "त्यात शेवटी मुलाखती आहेत. चौदा नंबरची मी."

बाईंनी तो उघडला. "पण इथं तर नावं बदललेली आहेत. तुम्हाला कोण ओळखणार?"

"माझ्या लेकीनं ओळखलं." शिवणवालीनं उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. मशीनची सुई आरपार गेल्याची खूण नखातून अजून दिसत होती.

बाई वाचू लागल्या. पडदे शिवणारी तरुण आई, बोटात घुसलेली सुई, खोलीसमोर सायकल-दुरुस्तीचं दुकान, पोरीच्या कानामागे मसुराएवढा डाग. नाव तेवढं बदललं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं. आणि खाली तिचे शब्द: 'एक दिवस मी तिला अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवलं आणि मागे न बघता निघाले. खरं सांगते, मला हलकं वाटलं.' मुलाखत तिथंच संपत होती.

लेक एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. सोडून दिलेल्या बाळांवर निबंध लिहायचा म्हणून तिनं मोबाईलवर शोधाशोध केली आणि पहिल्याच झटक्याला हे हाती लागलं. रात्रीच्या जेवणाला ती घरी आलीच नाही. हॉस्टेलवर मैत्रिणीच्या खोलीत राहायला गेली होती. आईचा फोन उचलत नव्हती; मैत्रिणीच्या हाती प्रबंधाच्या नावाची ही चिठ्ठी तेवढी पाठवली होती.

"पुढचं कुठंय?" शिवणवालीनं विचारलं.

"पुढचं काय?"

"कोपऱ्यापर्यंतच गेले होते मी. पाय उचलेना. धावत परत आले, पोरीला उचललं आणि तिथंच पायरीवर बसून तिला पाजलं. हेही सांगितलं होतं मी त्या ताईंना. टेप चालू होता. ते कुठंय?"

बाईंनी पान उलटलं. पुढे मुलाखत पंधरा होती.

त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. प्रबंध लिहिणाऱ्या ताई आता दुसऱ्या शहरात प्राध्यापिका होत्या. त्यांना मुलाखत आठवायलाच वेळ लागला. "अहो, ते प्रकरण मुलांना सोडून देण्याबद्दलचं होतं. लागेल तेवढंच घेतलं. कॅसेट? त्या घर बदललं तेव्हा टाकून दिल्या. आणि परवानगी मी तुम्हाला दिली होती ना?"

दिली होती. एका ओळीची. आणि बाईंनी ती फाइलला लावलीही होती. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि आपण ते विचारायला हवं होतं हे बाईंना दीड वर्षात एकदाही सुचलं नव्हतं. 

प्राचार्य म्हणाले, "अर्ज घ्या, समितीपुढे ठेवू. आज एकाचा काढला तर उद्या रांग लागेल." बाई मान हलवून बाहेर आल्या आणि जागेवर बसून त्यांनी प्रबंध काढून टाकला. त्याबद्दल पुढे त्यांना लेखी जाब द्यावा लागला, तो त्यांनी दिला. पण तोवर आणखी दोन संकेतस्थळांनी तो उतरवून घेतला होता. एकानं तीन आठवड्यांनी काढला. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही.

त्या आठवड्यात बाई हॉस्टेलवर गेल्या. मुलगी जिन्यातच उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही, की रडली नाही.

"आई परत आली होती गं तुला घ्यायला," बाई म्हणाल्या. "ते छापलं नाही एवढंच."

"तुम्ही ऐकलंय?"

"नाही. कॅसेट राहिल्या नाहीत."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं? आईनंच ना?" मुलगी कठड्यावर बोटं आपटत होती. "आजवर ती मला सांगत आली की बाबा वारले. त्यात लिहिलंय, ते सोडून गेले. म्हणजे छापलेलं खरं आणि आईचं खोटं. आता हे एकच तेवढं तिचं खरं कसं धरू?"

 बाई आल्या पावली परतल्या.

शिवणवालीला हे सांगायला त्या स्वतः तिच्या खोलीवर गेल्या. सगळीकडे पडद्याचं कापड पसरलेलं होतं. मशीन न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं. दोन शब्द सुनावले असते तर बाईंना हलकं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." मग दोरा तोडला. "राहिलेलं आता लिहून घ्या. आणि ते ठेवलं होतं तसंच, सगळ्या जगाला दिसेल असं ठेवा."

"सगळ्यांना? विचार करा बाई. पुन्हा—"

"ज्या वाटेनं ते तिच्यापर्यंत गेलं, त्याच वाटेनं हे जाईल. मला दुसरी वाट उरली आहे का?"

बाईंनी लिहून घेतलं. दीड पान झालं. वाचून दाखवलं, तेव्हा तिनं एकच दुरुस्ती सांगितली: हलकं वाटलं हे वाक्य गाळलंत, ते घाला, ते खरंच होतं. समितीत बाई दोन तास भांडल्या, आणि प्रबंधाच्या रिकाम्या जागी ते दीड पान चढलं.

मुलगी शिकून लांबच्या गावी इस्पितळात लागली. पत्ता तिनं मैत्रिणीला दिला, आईला नाही.

शिवणवाली महिन्यातून एकदा ग्रंथालयात येते. बसत नाही. किती जणांनी उघडलं म्हणून विचारते. बाई आकडा सांगतात. कधी सात, कधी दोन.

"त्यात ती असेल?"

"ते कळत नाही हो."

"बरं," म्हणून ती निघून जाते.