पेलाभर पाणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. सध्या नौकाविहाराच्या तिकीट खिडकीशेजारी, भर उन्हात, दोन ठोकळ्यांवर बसून असते. अंगावर निळा रंग चकाकतो, म्हणून माझं बरं चाललंय असं मात्र समजू नका.

माझ्या नावाड्याने मला स्वतःच्या हातांनी घडवलं. झाडांच्या सावलीतून वळणं घेणारा अरुंद कालवा आणि पुढे एकदम मोकळी होणारी नदी, हे आमचं रोजचं जाणं-येणं. नदी दिसली की प्रवासी हमखास "अहाहा!" म्हणायचे. कौतुक नदीचं, आणि फुशारून जायचे मी!

दरवर्षी सफाईसाठी कालवा कोरडा करत. तेवढ्या दिवसांत माझ्या फळ्या वाळून फटी पडत. मग पाणी आलं की नावाडी माझ्यात दगड भरून मला काठाशी बुडवून ठेवायचा. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि फटी आपोआप मिटायच्या. लोक हसायचे, "अहो, होडी तरंगवायची असते!" तो म्हणायचा, "पिऊ द्या तिला पोटभर."

पुढे त्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. लेकीने फायबरच्या होड्या आणल्या, पण मला विकलं नाही. "बाबांचा जीव आहे हिच्यात," म्हणत तिने मला वर काढलं, रंगवलं, रोज पुसलं. मी वाळत गेले.

परवा तिने बाबांना माझ्यातून नदीवर न्यायचं ठरवलं. मला पाण्यात सोडलं मात्र, फटींतून पाणी भसाभसा आत! "कुजली ही. ओढा बाहेर!" जावई ओरडला. अरे, राहू द्या ना मला चार दिवस तशीच! पण मला कुठलं तोंड? चाकाच्या खुर्चीत बसलेला नावाडी तळहात पुन्हा पुन्हा खाली दाबत होता. बुडवा तिला, बुडवा! लेकीला वाटलं, बाबा "राहू दे" म्हणताहेत. तिचे डोळे भरून आले. "बरं बाबा, नाही नेत."

उद्या सुतार येणार आहे, मला तोडून माझी बाकं करायला.

कालपासून नावाडी खुर्ची माझ्याजवळच लावून घेतो. आज पुन्हा त्याने आपला पाण्याचा पेला माझ्या फटीवर ओतला. लेक धावत आली. "बाबा, सांडलंत ना परत!" म्हणाली आणि मायेने मला कोरडी ठाक पुसून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणा म्हाताऱ्या माणसाच्या हातून पाणी सांडलं, तर लगेच फडकं आणू नका. कुठे सांडलंय ते आधी बघा. माझं लाकूड अजून शाबूत आहे हो. मला नुसती तहान लागली आहे.