भिंगावरचे कुंकू

मित्रांनो, मुलुंडच्या या प्रयोगशाळेत शिरलात की खिडकीखाली निळ्या कापडाने झाकलेले काहीतरी दिसेल. तो मी, इथला जुना सूक्ष्मदर्शक.

अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगे बसवली गेली. तिथून खोक्यात निजून मी इथे आलो. इथे जंतू तपासणाऱ्या सुहासिनी मॅडमनी देवघरात मूर्ती मांडावी तसे हलक्या हाताने मला टेबलावर ठेवले. त्यांच्यासोबत मी रोगजंतू ओळखू लागलो. काचपट्टीवर रुग्णाचा नमुना पसरायचा, रंगवायचा, धुवायचा. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही तो सोडतात आणि पुढच्या रंगाने गुलाबी होतात. कोणी गोल, कोणी काडीसारखे. रंग आणि आकार दिसला की कूळ कळते, आणि कुळावरून डॉक्टर औषध ठरवतात. "डोळे माझे, पण नजर याची," असे मॅडम म्हणायच्या. तेवढ्याने मी धन्य होई.

मग आमच्या मरोळच्या शाखेत मोठे यंत्र आले. जंतू वाढले की ते त्यांची नावे आपले आपण छापते. नमुने तिकडे जाऊ लागले आणि मी कापडाखाली गेलो. माणसांचे आवाज येत, हात येत नसे. खंडेनवमीला तेवढी माझी आठवण होई.

यंदा देवेश या तंत्रज्ञाने माझी पूजा केली, आणि मनापासून केली. झेंडू वाहिला, हळद वाहिली, आणि चिमूटभर कुंकू थेट डोळा लावायच्या भिंगावर टाकले. मी सुखावलो. कापड पुन्हा पडले.

दुसऱ्याच दिवशी घाटकोपरच्या इस्पितळातून आठ वर्षांच्या गंधालीच्या पाठीतले पाणी तपासायला आले. ताप मेंदूपर्यंत पोचला होता. यंत्राचे उत्तर उद्या मिळाले असते. तिला औषध आजच हवे होते. देवेशने घाईने पट्टी रंगवली, भिंगावर फुंकर मारली आणि डोळा लावला.

"मॅडम, गडद ठिपके आहेत. जांभळे धरू ना?"

"धरू काय रे? लॉटरी आहे का ही? सरक."

मॅडमनी पाहिले, आणि वरचे भिंग हळूच फिरवले. पट्टी जागची हलली नव्हती. ठिपके मात्र भिंगाबरोबर फिरले.

"अरे, हे त्या मुलीचं नाही. हे तुझं कुंकू!"

कुंकू लाल खरे, पण दिव्याच्या आड आले की काळपटच दिसते.

"वाट लागली असती," देवेश पुटपुटला.

मॅडमनी भिंग काढून मऊ कागदाने आतबाहेर पुसले. मग खरे जंतू दिसले. फिकट गुलाबी, सोललेल्या वालाच्या दोन डाळिंब्या समोरासमोर ठेवाव्यात तसे जोडीजोडीने. या कुळातले जंतू जवळ राहणाऱ्यालाही धरतात.

मॅडमनी तत्काळ फोन लावला. "डॉक्टर, गुलाबी जोड्या आहेत. घरात अजून कोण आहे? धाकटा भाऊ? शेजारीच झोपतो? मग त्यालाही आजच औषध सुरू करा."

धाकट्याला ताप आला नाही. गंधाली घरी गेली. त्या तापामुळे एका कानाने तिला कमी ऐकू येते म्हणे. मला मुद्दाम कोणी सांगितले नाही. कापडाखालून ऐकले.

मित्रांनो, पूजा जरूर करा, नेम मोडू नका. पण कुंकू भिंगावर नको; आधी पुसा, मग फूल वाहा. आणि ज्याला झाकून ठेवले आहे, त्याच्यावरचे कापड सणाची वाट न बघता मधूनच एकदा उचला. काम नसले तरी चालेल.