मनीषला मी कसा धडा शिकवला

मित्रांनो, यावर तुमच्यातलं एकही पोर विश्वास ठेवणार नाही. पण मी जागचा न हलता एका इंजिनिअरचं चारचौघांत नाक कापलंय!

मी एक जुना संगणक आहे. आज मुळशीच्या शाळेत धूळ खातोय, पण २००४ साली भुकूमच्या एका ऑफिसात माझा काय थाट होता! धरणाकाठच्या रिसॉर्टांचं बुकिंग मी सांभाळायचो. माझ्या पोटात एक इंटरप्रिटर होता. लिहिलेला प्रोग्राम तो ओळीओळीनं वाचायचा आणि मी तसा वागायचो. एका वेळी पाच-सहा कामं चालत, त्यांना थ्रेड म्हणत. काम संपलं की थ्रेड जागा रिकामी करून निघून जाई. "गुणी आहे हो," सगळे म्हणत.

मग तो इंजिनिअर, मनीष, आला. चालू थ्रेड काय करतायत ते डोकावून बघणारी एक खिडकी त्यानं इंटरप्रिटरला बसवली. ती यादी वाचत असतानाच एखादा थ्रेड संपायचा. खिडकी रिकाम्या जागेत हात घालायची आणि मी धाडकन बंद! चूक त्याची, थपडा माझ्या डोक्यावर. वर साहेबांना, नरहरींना, सांगितलं, "डबडंच खराब आहे. डेमो झाला की भंगारात देऊ."

दारात पाणी प्यायला थांबलेल्या म्हसू धनगरानं पडद्यावरची सरकती यादी बघून विचारलं, "पळती मेंढरं मोजतुया व्हय रं? आमी आदी वाघरीत कोंडतो, मग मोजतो."

वाघर म्हणजे त्यांचं जाळ्याचं कुंपण.

"बाबा, तुम्ही मेंढरं बघा," मनीष हसला.

ते हसू माझ्या जिव्हारी लागलं. म्हटलं, थांब लेका!

डेमोला रिसॉर्टवाले दादासाहेब आले. मनीषनं खिडकी उघडली. मी मुकाट्यानं यादी दाखवली. पुन्हा उघडली. तरी गप्प, त्याला जरा फुगू दिलं. तिसऱ्यांदा दादासाहेब चष्मा लावून वाकले, तोच पावतीचा थ्रेड मी नेमका खिडकीच्या हाताखालून पळवला. पडदा काळा!

"मशीन खराब आहे," मनीष म्हणाला. नरहरींनी नवाकोरा संगणक आणवला. तोही दहा मिनिटांत आडवा!

"मशीन दोन, अन् प्रोग्राम एक. खराब काय मग?" दादासाहेबांनी विचारलं. सगळ्यांदेखत मनीषला लिहावं लागलं: आधी सगळे थ्रेड थांबवा, मग बघा. माझं भंगारात जाणं टळलं.

म्हणून मित्रांनो, यंत्राला थप्पड मारण्याआधी आपली चूक शोधा. यंत्र दम धरतं, नेम धरतं, आणि बरोबर वेळ साधून...

"खोटं हाय!" पुढच्या बाकावरची उज्वला ओरडली. "कसला नेम? पयल्या दोन टायमाला थ्रेड संपलाच न्हाई, तिसऱ्यांदा आपसूक संपला. त्यो कवा संपतुया, त्ये तुला तरी कुटं ठावं असतंय!"