हळर्णला पोचलेलं दुसरं खोकं

विठ्ठल मूळचा दोडामार्गकडचा. गोव्यातल्या डिचोलीच्या खाणींवर खनिजाचे ट्रक चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. खाणी बंद पडल्यावर तो एका ठेकेदाराकडे औषधांची व्हॅन चालवू लागला. डिचोलीच्या गोदामातून पेडण्याकडच्या आरोग्य केंद्रांपर्यंत त्याच्या खेपा असत.

पुढे सरकारने औषधांच्या वाहतुकीत ब्लॉकचेनचा प्रयोग सुरू केला. प्रत्येक खोक्यावर तापमान टिपणारी चकती आली. खोकं ज्याच्या हातात जाईल त्याने फोनवरून नोंद करायची. ती नोंद एकाच वेळी वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या संगणकांवर जाई आणि आधीच्या नोंदींना अशी जोडली जाई, की मागाहून कुणा एकाला ती गुपचूप बदलता येत नसे.

"आमच्यार पोलीस बसयलेत सरकारान," विठ्ठल घरी बायकोला, सरस्वतीला म्हणाला होता. तरी व्हॅनचं कूलिंग मध्येमध्ये बंद पडू लागलं, तेव्हा त्याने त्याच फोनवरून तक्रारी नोंदवल्या. ठेकेदाराने तिकडे लक्ष दिलं नाही.

काजूचा हंगाम भरात होता. विठ्ठल सापाच्या विषावरच्या औषधाचं खोकं घेऊन हळर्णजवळच्या केंद्राकडे निघाला. ते औषध गारच ठेवावं लागे. कोलवाळचा पूल ओलांडला आणि कूलिंग बंद पडलं ते पडलंच. त्याने ठेकेदाराला फोन लावला.

"तू पोचव आणि गप्प बस," ठेकेदार म्हणाला. "विचारलंच तर सांग, आत्ताच बंद पडलं."

विठ्ठल केंद्रात पोचला. फार्मासिस्ट सिद्धीच्या टेबलावर खोकं ठेवत म्हणाला, "म्याडम, कूलिंग कोलवाळाकच गेला. औषध तापलाहा. ह्या कोणाक देव नकात."

सिद्धीने चकतीवर फोन धरला. पडद्यावर लाल खूण आली. तिने खोकं बाजूला सारलं.

"सांगितलंत ते बरं केलंत, दादा. नुसत्या खुणेवरून किती वेळ तापलं ते कळलं नसतं. आमच्याकडे आता एकही कुपी शिल्लक नाही. आजच दुसरं मागवते."

लाल खूण गोदामातही उमटलीच होती. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गाडीने नवं खोकं आलं.

विठ्ठलला मात्र ठेकेदाराने घरी बसवलं. डिझेल वाचवायला ह्यानेच कूलिंग बंद ठेवलं, असं त्याने आरोग्य खात्याला कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळर्णच्या शेवंतीला काजूची बोंडं वेचताना घोणस चावली. तिचा नवरा गोकुळदास तिला शेजाऱ्याच्या रिक्षातून केंद्रात घेऊन आला, तेव्हा सूज कोपराच्या वर चढली होती आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर समीक्षाने आदल्या संध्याकाळी आलेल्या कुप्या फोडल्या. दुपारपर्यंत रक्त थांबलं. मग तिला मोठ्या इस्पितळात हलवलं, आणि काही दिवसांनी ती घरी परतली.

इकडे विठ्ठलला चौकशीला बोलावणं आलं. "आमचा कोण आयकतलो?" सरस्वती काळजीने म्हणाली. ठरल्या दिवशी तो कचेरीत गेला. चौकशी करणाऱ्या प्राजक्ताबाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्याच्या साऱ्या तक्रारी तारखांसकट तिथे होत्या.

"ह्या काढून टाका म्हणून ठेकेदाराने खटपट केली," त्या म्हणाल्या. "पण कुणालाच काढता येत नाहीत."

"म्हणजे माझा म्हणणा ऱ्हवला?"

"जसंच्या तसं."

विठ्ठलने रुमाल डोळ्यांना लावला. व्हॅन दुरुस्त करून त्यालाच परत कामावर घ्यावं, असा हुकूम निघाला.

पहिल्याच खेपेला तो केंद्रात गेला, तर शेवंती ड्रेसिंगसाठी आली होती. सिद्धीने ओळख करून दिली. गोकुळदासने त्याचे दोन्ही हात धरले. "तुमी खरें सांगलें म्हणून ही आसा," तो म्हणाला.

विठ्ठल अवघडला. "माका पण ह्या नोंदीनीच सांभाळल्यानी," तो म्हणाला. "आणि औषध आणलला म्याडमनी."

शेवंतीने पिशवीतून ओल्या काजूगरांची पुडी काढून त्याच्या हातात दिली. तिचा उजवा हात अजून पट्टीत होता.

"एका हातान सोलल्यात," ती म्हणाली. "थोडेच आसत, पण बायलेक दिया."

सरस्वतीने त्या दिवशी त्या काजूगरांची उसळ केली. भरपूर खोबरं घालून केली आणि शेजारीही वाटीभर दिली.